टोबीचा संच

ईरी, पेनसिल्व्हेनिया
२५ ऑगस्ट २०१९

कर्ट,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्र न वाचता फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

घाबरू नकोस, काही मागत नाहीये. एक सल्ला हवाय, आणि तो तुझ्याशिवाय कुणाला विचारावा हे मला सुचत नाही.

वसंतात माळ्याचं छप्पर गळलं. मी कामाला, आईचं वर जाणं बंद, त्यामुळे लक्षात आलं तेव्हा जुनी गादी भिजून कुजली होती. नाताळचे दिवे वाचले. आणि आपल्या टोबीच्या चित्रकार्डांचा खोका. हो, तोच. बाहेरून कोरडा होता. बाबांच्या तपकिरी चिकटपट्ट्या जशाच्या तशा. आईला न विचारता खाली आणला आणि मागच्या पायरीवर बसून उघडला. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा.

कर्ट, आत कार्डं नाहीत. विटा आहेत. तू आणि टोबीने त्यांची चळत लावून रबर घातलं होतं ना, रबर तर मातीसारखं गळून पडलं, पण कार्डं सुटेनात. नखाने उचलायला गेले तर ‘मॅडम थिसल’चं अर्धं तोंड तिच्या वरच्या कार्डाच्या पाठीवर निघून आलं. मी हात मागे घेतला. पाण्याने नाही झालं हे, वरचा तो चकचकीत थरच एकमेकांत मुरलाय. माळ्यावर दर उन्हाळ्यात भट्टी, दर हिवाळ्यात बर्फ, आणि ती बिचारी एकमेकांना दाबून बसलेली.

त्या काळात तू ह्या कार्डांचा पंडित होतास. ती सुटतात का? कशी?

बाकी ठीक. माझी शाळेची बस पुढच्या आठवड्यापासून सुरू होतेय, यंदाही चौदा नंबरचीच, म्हणजे सगळी वांड कार्टी माझ्याच वाट्याला. आई बरी आहे. तिचा पलंग खालच्या खोलीत आणलाय, जिना नको म्हणून.

नॅडीन


१४ सप्टेंबर

कर्ट,

तुझं पत्र आलं. दोन पानं, दोन्हीकडून लिहिलेली. किती वेळ फ्रीजरमध्ये ठेवायची, बाहेर काढल्यावर किती थांबायचं, दोन्ही हातांत धरून कशी हलकेच वाकवायची, ‘कट्’ आवाज आला की ओढायचं नाही, थांबायचं. मधे सुरीची पाती घालायची नाही म्हणजे नाही, हे तीनदा. सगळं कळलं. आभारी आहे.

त्या दोन पानांत ‘आई’ हा शब्द एकदाही नाही. मी दोनदा तपासलं.

बरं, माझंही चुकलंच. ताकाला जाऊन भांडं लपवलं मी. आई बरी नाहीये. फुप्फुसं. सुपरमार्केटच्या केक विभागात तीस वर्षं साखरेच्या धुळीत उभी राहिली ती, आणि घरी आली की सिगरेट, त्यामुळे कुणाला दोष द्यायचा हा प्रश्नच नाही. जूनमध्ये कळलं. आता नाकात नळी असते आणि खोलीच्या कोपऱ्यात ते यंत्र घुरघुरत असतं. नर्स आठवड्यातून तीनदा येते. उपचार करायला नाही रे. त्रास कमी करायला.

तुला कळवायचं नाही असं तिने बजावलं होतं. “कीव म्हणून आलेला मुलगा मला नको,” म्हणाली. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. म्हणून मी कार्डांच्या आडून आत शिरले. कार्डं खरंच चिकटलीत, ते खोटं नव्हतं. पण मला तुझ्याशी बोलायला काहीतरी हवं होतं.

बाबांच्या दफनाच्या दिवशी तू तिला जे बोललास ते मी जिन्याखाली उभी राहून ऐकलं होतं. पाहुणे बसलेले, टेबलावर लोकांनी आणलेल्या कॅसरोलांची रांग, आणि तुम्ही दोघं माळ्याच्या शिडीशी. तू म्हणालास, “एक कार्ड मागतोय. एक. ते मी आणि त्याने मिळून पाकिटातून काढलं होतं.” ती म्हणाली, “संच मोडायचा नाही.” मग तू म्हणालास, “तुला जिवंत पोरांपेक्षा मेलेलं पोर प्यारं.” आणि तिने, आपल्या आईने, “हो” म्हटलं.

ते ‘हो’ खरं नव्हतं हे मला माहीत आहे. तुलाही असावं. पण नऊ वर्षं झाली.

ती अशी का वागली हे तुला सांगायची गरज नाही, तरी सांगते. लेस्टरमामा आठवतो ना? दर थँक्सगिव्हिंगला टर्कीचा पहिला घास पोटात गेला की सुरू: “माझी बेसबॉलची कार्डं! म्हातारीने कचऱ्यात टाकली! आज ती विकून तळ्याकाठी बंगला घेतला असता मी!” आणि आजी बिचारी तिथेच बसलेली, मान खाली घालून बटाटे कुस्करत. वीस वर्षं ऐकलं आईने ते. तिने शपथच घेतली होती, आपल्या पोराचं एक कार्ड हलू द्यायचं नाही. मग टोबी गेला आणि त्या शपथेला कुलूप लागलं.

डॉक्टर म्हणतात, नाताळ दिसेल असं धरून चालू नका.

नॅडीन


६ ऑक्टोबर

कर्ट,

आता ऐक. ती विटा सोडवतेय. आई. स्वतः.

मी चोरून करत होते. फ्रीजरमध्ये मटाराच्या पिशव्यांमागे कार्डं लपवलेली. तिला आईस्क्रीम हवं झालं, मी अंगणात होते, ती नळी ओढत स्वतःच स्वयंपाकघरात गेली. मी आत आले तर टेबलाशी बसलेली, समोर गोठलेली वीट.

“हे काय केलंस?”

“मी नाही केलं, आई. आपोआप झालंय.”

“आपोआप काही होत नसतं. उघडलास खोका. हवा लागली.”

“हवा लागली नाही म्हणून झालंय.”

यंत्र तेवढं घुरघुरत होतं. मला वाटलं आता रडेल, किंवा मला घराबाहेर काढेल. तिने चष्मा मागितला. तुझं पत्र मागितलं. अक्षर पाहिलं आणि ओळखलं, पण नाव घेतलं नाही. दोन्ही पानं वाचून म्हणाली, “दोन्ही हातांत धरून, म्हणतोय. दोन्ही हातांत काय. अंगठ्यांनी धरायचं असतं.”

तिचे हात तुला आठवतात ना? लग्नाच्या केकवर गुलाब काढायची तेव्हा पाकळी एवढीशी थरथरायची नाही. अजूनही नाहीत थरथरत. श्वास पुरत नाही तिला, पण हात तेच आहेत. एक कार्ड वाकवते, थांबते, कान लावते, ‘कट्’, मग दम खाते, मग पुढचं. दुपारी मी बस लावून परतते तोवर टेबलावर टॉवेल पसरून कार्डं मांडलेली असतात. काही साबूत. बरीच फाटलेली. एकाचा चेहरा दुसऱ्याच्या पाठीवर.

एक दिवस मला म्हणाली, “कोपरे बघ.” सगळ्यांचे कोपरे दुमडलेले होते. एकावर जॅमचा डाग, एकाला दातांच्या खुणा. “हा पोरगा ह्यांच्याशी खेळायचा गं,” म्हणाली, जणू नवीनच कळलं. “मला वाटायचं नीट ठेवलीत.” आणि हसली. मग खोकला आला आणि नर्सला बोलवावं लागलं.

नीट ठेवलीत! मी हसले नाही तिच्यापुढे, पण मला सगळं आठवत होतं. तू पहाटे पेपर टाकून मिळालेले पैसे कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात कार्डांच्या पाकिटांवर घालवायचास आणि ती टोबीच्या हॉस्पिटलच्या वॉर्डात न्यायचास. पाकीट टोबीने फोडायचं, कार्डाच्या पाठीवरचा मजकूर तू मोठ्याने वाचायचा, हा तुमचा नियम. जास्तीची तो शेजारच्या पलंगांवर वाटून टाकायचा आणि तू त्याच्यावर डाफरायचास, “अरे, बदल्यात काहीतरी घे तरी!” आणि ज्या दिवशी तो चंदेरी ‘ग्रे हेरॉन’ निघाला, तिरका केला की पंख हलणारा, तेव्हा टोबी एवढा ओरडला की नर्स धावत आली, काय झालं म्हणून.

काही कार्डं मी शनिवारी अग्निशमन दलाच्या हॉलमधल्या जुन्या कार्डांच्या बाजारात नेली होती, किंमत कळावी म्हणून. तिथल्या माणसाने वर बघितलंही नाही. “नव्वदच्या दशकातली? बाई, ती कार्डं कुणाच्याच आईने फेकली नाहीत, ढिगाने पडलीत, तीच तर बोंब आहे.” हे मी आईला सांगितलं नाही. मग रात्रीच्या जेवणाला सांगितलं. ती म्हणाली, “लेस्टर असायला हवा होता हे ऐकायला.”

आता मुद्द्याचं. तू मागत होतास तो हेरॉन सुटला. तिसऱ्या विटेच्या मधोमध होता. डाव्या पंखावर दुसऱ्या कार्डाचा कागद चिकटून राहिलाय, तो निघत नाही. तिने हेरॉन वेगळा ठेवलाय, चष्म्याच्या डबीत, उशाशी. आज सकाळी मला म्हणाली, “त्याला लिही. पंख फाटलाय म्हणावं. हवा असला तर त्याचाच आहे.”

तुझं नाव नाही घेतलं, पण कर्ट, नऊ वर्षांत पहिल्यांदा तिने तुला काहीतरी कळवायला सांगितलं.

मी म्हटलं, पोस्टाने पाठवू? म्हणाली, “नाही. माझ्या हातून घ्यायचा.”

ये.

नॅडीन


२० ऑक्टोबर

कर्ट,

“पोस्टाने पाठवून दे.”

तीन शब्दांचं पत्र. तिकिटाचा खर्च तरी वसूल करायचास.

मी ते तिला वाचून दाखवलं. दाखवायला नको होतं, पण ती दारात पोस्टमन दिसला की माझ्याकडे बघते, आणि मला खोटं बोलता येत नाही. तिने डोळे मिटले. म्हणाली, “खाण तशी माती. माझाच आहे तो.” त्यात थोडा अभिमानही होता, अगदी खरं सांगते. मला दोघांचाही इतका राग आला की भांडी घासताना एक बशी फोडली.

ती म्हणते त्याने यावं. तू म्हणतोस तिने पाठवावं. आणि मधे मी, एकदा इकडे, एकदा तिकडे, तुमचे निरोप पोचवत. बसमधल्या पोरांना मी सांगते, दोघांचं भांडण मिटेना तर दोघांनीही पुढच्या सीटवर माझ्या मागे बसायचं. तुम्हाला कुठे बसवू?

मला माहीत आहे, तुझीही बाजू आहे. तू चौदा वर्षांचा होतास. टोबी गेल्यावर ह्या घरात कुणी तुला विचारलं नाही, बाळा, तुझं काय. त्याचे कपडे, त्याचा पलंग, त्याचा संच, सगळं त्याचं झालं. तू वाचलेले पाठीवरचे मजकूर, तू आणलेली पाकिटं, तीसुद्धा. तुझं त्यात काही उरलंच नाही. अठराव्या वर्षी तू निघालास तेव्हाही तीच एक वस्तू मागितली होतीस आणि तेव्हाही मिळाली नाही. मी असते तर मीही गेले असते. पण आता तिचे ओठ निळे पडतात रे. बोलताना मधेच वाक्य सोडून देते. आज मी तिचे केस धुतले तर डोकं माझ्या हातात एवढं हलकं लागलं की मी घाबरले.

तिच्याकडून माफी मिळेल असं मी सांगत नाही. ती मागणार नाही. आलास तर दाढी का वाढवलीस म्हणून बोलेल आणि ताटातले पिरोगी गार झाले म्हणून माझ्यावर ओरडेल. एवढंच होईल. पण ते होऊ दे.

नॅडीन


१ नोव्हेंबर

कर्ट,

हे तुला माझ्याकडूनच कळावं म्हणून आज बस लावली की लगेच लिहायला बसले. नीट बसून वाच.

मंगळवारी आईने हुकूम सोडला, यंदा हॅलोवीनला ती स्वतः ओट्यावर बसणार. नर्स नको म्हणाली, मी नको म्हणाले. तिने दोघींना मिळून एकदाच झापलं. तर काल संध्याकाळी चाकाच्या खुर्चीत, अंगावर तीन ब्लँकेटं, मांडीवर भोपळ्याचं भांडं. भांड्यात चॉकलेटं, आणि चॉकलेटांत कार्डं. टोबीची. सुटलेली सगळी, साबूत, फाटकी, दोन तोंडांची, सगळी.

“आई, हे काय करतेयस?”

“तो हेच करायचा ना? वाटायचा ना?” म्हणाली. “अकरा वर्षांचा होता तो, नॅडीन. नाताळपर्यंत त्याने एकही शिल्लक ठेवलं नसतं. संच माझा होता. त्याचा नव्हता.”

तळ्याकडून नेहमीसारखा बोचरा वारा. खाऊ मागायला आलेल्या पोरांनी सोंगांवर कोट घातलेले, त्यामुळे कोण राक्षस आणि कोण परी काही कळत नव्हतं. आई प्रत्येकाला एक चॉकलेट आणि दोन कार्डं देत होती. एका दांडगट पोराने तिच्या नळीकडे बोट दाखवून विचारलं, “हे पण सोंग आहे?” म्हणाली, “हो रे. मी अंतराळवीर आहे.” त्याचा विश्वास बसला. काहींनी कार्डं न बघताच पिशवीत टाकली. एक बाप मात्र तिथेच थबकला, “अरे, ही तर माझ्याकडे होती!” म्हणत रस्त्यावरच्या दिव्याखाली जाऊन वाचत बसला. त्याचं पोर त्याची बाही ओढत होतं. मी तिला इतकं खूश कधी पाहिलं होतं ते मला आठवेना.

भांडं रिकामं झालं. मी खुर्ची आत वळवत होते, तेवढ्यात एक छोटी आली. मधमाशीचा पोशाख, वर भावाचं जाकीट. आईने चष्म्याची डबी उघडली.

मी म्हटलं, “आई! ते कर्टचं आहे.”

“माहीत आहे.”

“मग? तो येईल ना.”

तिने माझ्याकडे पाहिलं. तिला श्वास घेत घेत बोलावं लागतं, तसंच लिहिते. “येईल. पण कार्डासाठी येईल. मला तो... कार्डासाठी यायला नको. आता आला... तर माझ्यासाठी येईल.”

आणि तिने दिला. मधमाशीने हेरॉन तिरका केला, पंख हलले, तिने विचारलं, “चॉकलेट संपलं?” आईने मला आतून आणायला लावलं. मी आणलं. नंतर मी पायऱ्या उतरून पोरीच्या मागे धावले, फाटकापर्यंत गेले, ती कोपऱ्यावर आपल्या आईचा हात धरून चालली होती. परत मागायला तोंड उघडेना. फाटकाशी उभी राहून मी रडले. मग आत आले तर आई झोपली होती.

तुला राग येईल. ये आणि राग काढ. तिच्यावर ओरड. तिला आवडेल. पण आता ये, कर्ट. नर्सने आज मला बाजूला घेऊन सांगितलं, आठवड्यांच्या गोष्टी बोलू नका, दिवसांच्या बोला. तुला बोलवायला माझ्याकडे आता काही उरलं नाही. ना कार्ड, ना सल्ला, ना सबब. आई आहे, तेवढीच.

नॅडीन


१२ नोव्हेंबर

कर्ट,

आई काल सकाळी गेली.

कदाचित माझं पत्र उशिरा पोचलं असेल. कदाचित तू निघायच्या तयारीत असशील. कदाचित तू ते पत्र टेबलावर ठेवून नुसता बघत बसला असशील, मी असते तर तेच केलं असतं. मी तुला विचारणार नाही, आणि तूही मला कधी सांगू नकोस.

शेवटी तिने तुझं नाव घेतलं असं लिहिता आलं असतं. तुला बरं वाटलं असतं किंवा फार वाईट वाटलं असतं. पण तिने तुझं नाव घेतलं नाही. टोबीचंही नाही. शेवटचे दोन दिवस मोटारीचा आवाज आला की खिडकीकडे मान वळवायची, एवढं खरं. रविवारी रात्री मला विचारलं, “जेवलीस का?” मी हो म्हटलं. जेवले नव्हते. त्यानंतर बोलली नाही. सकाळी मी बसवर गेले नाही, हात धरून बसले होते, आणि यंत्र घुरघुरतच राहिलं, म्हणून मला लगेच कळलं नाही.

आता एक बोलते. तुम्ही दोघं भांडलात ते एका गेलेल्या भावावरून. ती रडली ती दोन गेलेल्या मुलांसाठी, एक वर आणि एक तुझ्या त्या गावाला. मी इथेच होते. पंचवीस वर्षं ह्याच घरात. तिची औषधं, बाबांच्या डोळ्यांचं दुखणं, ते गळकं छप्पर, तुमचे निरोप. मला कधी कुणी काही दिलं नाही आणि मी काही मागितलंही नाही, कारण मागायला आधी रुसून जावं लागतं आणि मला कुठे जायचं नव्हतं. तक्रार नाही ही. तिच्याजवळ होते ह्याचं मला समाधान आहे. पण मी दमलेय, कर्ट. आणि काल दफनाचं ठरवून घरी परत आल्यावर लक्षात आलं की ह्या जगात ज्याला टोबीचं ओरडणं आठवतं, आईचे साखरेचे हात आठवतात, असा आता माझ्याशिवाय एकच माणूस आहे.

शनिवारी दहा वाजता, सेंट हेडविग चर्चमध्ये. पहिला बाक घरच्यांचा असतो. मला त्या बाकावर एकटीला बसायचं नाहीये.

नॅडीन